झाकण उघडल्यावर लॅपटॉपचे वायफाय नाहीसे होते

सर्व सभासदांना सप्रेम नमस्कार.

मागील भेटीत येथून नेलेला विंडोज ११ चा लॅपटॉप दारव्हा तालुक्यातील (जि. यवतमाळ) आमच्या घरी बाबांकडे ठेवला आहे. दुपारी झाकण लावून ठेवलेला हा लॅपटॉप संध्याकाळी उघडला की वायफायचे चिन्ह जाऊन त्या जागी पृथ्वीगोलाचे चिन्ह दिसते. आईच्या मोबाइलवर मात्र त्याच वेळी नेट व्यवस्थित चालू असते. बाबा शटडाउन करून पाहतात, त्यानेही फरक पडत नाही. गावात दुरुस्तीचे दुकान नसल्यामुळे फोनवरून सांगता येईल असाच उपाय कोणी सुचवल्यास बरे होईल.

एक सभासद, न्यू जर्सी

—

ताई, नमस्कार.

सध्या मी आर्वीजवळ गावीच आहे, त्यामुळे तिकडची अडचण समजू शकतो. आईंचा मोबाइल चालतो, म्हणजे राउटर आणि लाइन ठीक आहे. स्लीपमधून (झाकण लावल्यावर लॅपटॉप जातो त्या झोपेतून) बाहेर येताना वायफायचे कार्ड जागे होत नसावे आणि ड्रायव्हरला, म्हणजे ते कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरला, ते सापडत नसावे. शटडाउनचा उपयोग न होण्याचे कारण असे, की विंडोज ८ पासून (२०१२) आलेल्या 'फास्ट स्टार्टअप'मुळे शटडाउनच्या वेळी ड्रायव्हरची स्थिती डिस्कवर जपली जाते आणि सुरू करताना तीच परत आणली जाते. म्हणून बाबांना 'रीस्टार्ट' करायला सांगा. त्यात सगळे नव्याने सुरू होते.

वायफाय परत आले की स्टार्टच्या बटणावर राइट-क्लिक करून 'डिव्हाइस मॅनेजर' उघडावे, 'नेटवर्क अडॅप्टर्स'खाली ज्या नावात वायफाय किंवा वायरलेस असेल त्याच्या 'प्रॉपर्टीज'मधील 'पॉवर मॅनेजमेंट' या टॅबवर जावे आणि वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करण्याची संगणकाला परवानगी देणारी, पहिलीच टिचकी काढून टाकावी.

तेवढ्याने न भागल्यास लॅपटॉपच्या कंपनीच्या संकेतस्थळावरून, मॉडेलचे नाव जुळवून, ड्रायव्हर नव्याने घालावा. वायफायच नसताना तो उतरवायचा कसा, तर आईंचा मोबाइल केबलने जोडून 'यूएसबी टेदरिंग' (मोबाइलचे नेट केबलमधून लॅपटॉपला देण्याची सोय) चालू करावे. 'सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये' अशी जाहिरात करणाऱ्या फुकट प्रोग्रामांना मात्र बाबांनी हात लावू नये.

चिन्ह जागेवर असेल, पण यादीत केवळ घरचेच वायफाय दिसत नसेल, तर दोष ड्रायव्हरचा नसेलही. वीज जाऊन आल्यावर राउटर कधी कधी आपणहून १२ किंवा १३ क्रमांकाचा चॅनल (वायफायची रेडिओ-पट्टी) निवडतो. भारतात ते चालतात, पण अमेरिकेत विकलेली अनेक कार्डे त्यांवर जोडली जात नाहीत. अशा वेळी राउटरमध्ये १, ६ किंवा ११ चॅनल कायमचा ठरवून द्यावा.

—

दादा, रीस्टार्टने वायफाय आले, आभारी आहे. परंतु 'पॉवर मॅनेजमेंट' हा टॅबच तेथे नाही, असे बाबा म्हणतात.

—

ताई, मग तो लॅपटॉप 'मॉडर्न स्टँडबाय' पद्धतीचा, म्हणजे झोपेतही मोबाइलसारखा अंशतः चालू राहणारा असणार. त्यात कार्डाचा वीजपुरवठा विंडोज स्वतःच सांभाळते, म्हणून बऱ्याचदा तो टॅब दिसत नाही. कंट्रोल पॅनेलमधील 'पॉवर ऑप्शन्स'मध्ये झाकण लावल्यावर 'स्लीप'ऐवजी 'हायबरनेट' (चालू काम डिस्कवर जपून पूर्ण बंद होणे) व्हावे, असे ठरवून द्या. पर्याय दिसत नसेल तर 'कमांड प्रॉम्प्ट' अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून powercfg /hibernate on ही आज्ञा देऊन आधी हायबरनेट चालू करावे लागेल. उघडताना थोडा वेळ जास्त जाईल, परंतु कार्ड पूर्ण बंद होऊन पुन्हा सुरू होईल आणि भारनियमनाच्या काळात झाकलेल्या लॅपटॉपची बॅटरीही उतरणार नाही.