कर्जापायी राहतं घर सोडावं लागलं असेल तर इथे लिहा

तिसरा_मजला

रविवारी मेथी निवडायला जुना पेपर पसरला आणि मेथी तशीच राहिली. ‘कब्जा सूचना (स्थावर मालमत्तेकरिता). ज्याअर्थी, निम्नस्वाक्षरीकार...’ हा बारीक टाइप कुणी वाचत नाही. मी २०१४ पासून वाचते, आणि सगळ्यात आधी पत्ता बघते. या वेळी सोसायटी आमचीच निघाली. विंग दुसरी.

बाबांचं भोसरीला छोटं वर्कशॉप होतं, दोन लेथ आणि एक मिलिंग. चिंचवडच्या फ्लॅटचं घरकर्ज कधीच फिटलेलं, पेढेसुद्धा वाटलेले. मग तोच फ्लॅट धंद्याच्या कॅश क्रेडिटला, म्हणजे खेळत्या भांडवलाच्या कर्जाला, तारण गेला. २०१३ ला गाड्यांच्या कंपन्यांची कामं आटली आणि वर्षभरात खातं थकीत.

पहिली नोटीस बाबांनी विम्याच्या फायलीत ठेवली. साठ दिवस तिथेच. आम्हाला कळलं ते खालच्या काकूंनी पेपर आणून दाखवला तेव्हा. तोवर दारावरही कागद चिकटवून गेले होते. तो फाडायची हिंमत कुणाला नव्हती. आईने दसऱ्याचं तोरण काढून वीतभर खाली बांधलं, कागद बरोबर झाकला. सहा महिने आम्ही त्या तोरणाखालून वाकून आत-बाहेर केलं.

शेवटचा दिवस मे महिन्यातला. तारीख आधी कळवलेली, त्यामुळे आरडाओरडा वगैरे काही झालं नाही. मंडल अधिकारी, बँकेचे दोघे, दोन पोलीस (एक बाई), व्हिडिओ काढणारा एक पोरगा आणि कुलूपवाला. कुलूपवाल्याला कामच नव्हतं, दार उघडं होतं. बिचारा पायरीवर बसून राहिला. पंचनामा पाऊण तास. ‘लोखंडी कपाट १, पंखे ३...’ पंखे काढायचं आमच्या कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

आईने चारच दिवसांपूर्वी कैरीचं लोणचं घातलेलं. सगळं सामान टेंपोत गेलं तरी बरणी ओट्यावर. शेवटी मी ती मांडीवर घेऊन रिक्षात बसले. त्या पोलीस बाई म्हणाल्या, “दादरा घट्ट बांध गं, तेल सांडेल.” त्या दिवशी माझ्याशी थेट कुणी बोललं ते एवढंच.

तुमचं काय झालं? काय नेलं, काय राहिलं? सल्ले नकोत, अनुभव हवेत. (सल्ले येणार, माहितीये.)

पोळपाट

वाचलं. घशाशी आलं काहीतरी. कुकर लावलाय, नंतर सविस्तर लिहिते.

हिंजवडी_ते_घर

शीर्षक न वाचता यादीत फक्त ‘कर्ज’ बघून आत आलो. मला वाटलं फोरक्लोजरचा आनंदी धागा आहे. आमच्या हापिसात फोरक्लोजर म्हणजे बोनस आला, उरलेलं कर्ज एकरकमी भरून टाकलं, पार्टी. अमेरिकेतल्या मित्राला एकदा फोनवर सांगितलं ‘घराचं फोरक्लोजर केलं’ (तिकडे त्याचा अर्थ थकीत कर्जापायी घर जाणं), तो दोन मिनिटं गप्प, मग म्हणाला, पैसे पाठवू का?

माफ करा ताई, तुमचं वाचल्यावर हसू येत नाहीये.

तिसरा_मजला

अहो हसा की. आमच्या घरी ‘फॅन १, फॅन २, फॅन ३’ हा कायमचा विनोद आहे.

निवृत्त_काका

मी दाराच्या त्या बाजूचा माणूस. एकतीस वर्षं बँकेत, त्यातली शेवटची सात वसुलीत. आमच्या पदाला प्राधिकृत अधिकारी म्हणतात. सल्ले नकोत म्हणालात, पण खोड जात नाही.

विम्याच्या फायलीत नोटीस ठेवणारे तुमचे बाबा एकटे नव्हेत. देवघरात, गादीखाली, एकाने तर पिठाच्या डब्यात ठेवलेली. काही जण पोस्टमनकडून घेतच नाहीत. त्यांना वाटतं घेतली नाही म्हणजे लागू झाली नाही. आम्ही दारावर चिकटवायचो, फोटो काढायचो आणि निघायचो. झाली बजावणी.

खरं तर त्या साठ दिवसांत कर्जदाराच्या हातात सगळ्यात जास्त असतं. हप्ता ९० दिवस थकला की खातं एनपीए, म्हणजे अनुत्पादक होतं, मग २००२ च्या सरफेसी कायद्याखाली (कोर्टात न जाता तारण ताब्यात घ्यायचा बँकांचा कायदा) ही ६० दिवसांची नोटीस. त्यावर लेखी हरकत घेता येते आणि बँकेला १५ दिवसांत लेखी उत्तर द्यावंच लागतं. माझ्या सात वर्षांत असं पत्र मोजक्याच लोकांनी दिलं. बाकीचे फोन उचलायचे नाहीत, आणि आम्ही दारात गेलो की मुलाला पुढे करायचे, ‘बाबा गावाला गेलेत’. बाबांच्या चपला दारात.

पेपरात येतो तो बहुतेक वेळा सांकेतिक ताबा, म्हणजे फक्त कागदोपत्री. लोकांना वाटतं उद्याच बाहेर काढणार. प्रत्यक्ष ताबा द्यायला कुणी तयार नसलं की जिल्हाधिकाऱ्यांकडे, मुंबईत मुख्य दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज जातो, तिथून आदेश निघतो, मग तुम्ही लिहिलंय ती वरात येते. मधे महिने जातात.

ठाणेकर_भाडेकरू

काका, भाडेकरूचं काय होतं ते कुणी सांगत नाही. आम्ही भाड्याने राहत होतो, मालक दर महिन्याला भाडं वेळेवर घ्यायचा आणि हप्ते भरत नव्हता. दारावर कागद लागला तेव्हा आम्हाला कळलं. करार नोंदवलेला, पण तारण त्याच्याही आधीचं. तीन आठवड्यांत घर शोधलं, ते पण मुलीच्या सहामाहीच्या वेळी. डिपॉझिटचे दीड लाख अजून ‘पुढच्या महिन्यात देतो’ आहेत.

आता घर बघायला गेलो की भाड्याच्या आधी विचारतो, कर्ज आहे का आणि हप्ता कोणत्या तारखेला जातो. दलाल वेड्यासारखा बघतो.

उसाचं_रान

आमचं घर माझ्या कर्जात न्हाई गेलं. मेव्हण्याला जामीन झालतो. पतसंस्था. त्यांचं ते सरफेसी न्हाई, सहकार कायदा. कलम १०१ चा वसुलीचा दाखला, मग वसुली अधिकारी, मग जप्ती. सही करताना मॅनेजर म्हणला फॉर्म्यालिटी आहे.

गावात दवंडी दिली. दवंडीवाला भावकीतलाच. घरापुढं आला आन इतक्या हळू वरडला की त्याचं त्यालाच ऐकू गेलं नसंल. नंतर रात्री येऊन पाया पडला.

म्हातारी शेवटपर्यंत म्हणायची घरातनं न्हेताना मला उंबऱ्यावरनं न्हेऊ नका, मागच्या दारानं न्हेवा. तसंच नेलं. रानात दोन खोल्या टाकल्या आता. मेव्हणा पुण्यात असतो, दिवाळीला फोन करतो.

पोळपाट

उसाचं_रान दादा, मेव्हण्याचा फोन उचलता?

उसाचं_रान

बायको उचलती.

एडिसनचा_विन्या

शिफ्टच्या मधे लिहितोय, शुद्धलेखन सोडून द्या.

न्यू जर्सी, २००६ ला घर घेतलं, म्हणजे बरोबर जेव्हा घ्यायला नको होतं. २००८ ला नोकरी गेली. घराची किंमत कर्जापेक्षा कितीतरी खाली, विकूनही फिटणार नव्हतं. जर्सीत हे सगळं कोर्टामार्फत चालतं म्हणून भयंकर लांबतं. आधी महिनाभराच्या मुदतीचं पत्र, मग दावा, मग तारखा. दीड वर्ष आम्ही हप्ता न भरता त्याच घरात राहिलो. ऐकायला मजा वाटते. रोज संध्याकाळी टपालपेटी उघडताना पोटात गोळा यायचा. शेवटी शेरीफ लिलाव करतो, शेरीफ म्हणजे तो घोड्यावरचा नाही, ऑफिसात बसणारा.

लिलावानंतर बँकेचा एजंट आला. म्हणाला अमुक तारखेपर्यंत घर झाडून रिकामं करा, किल्ल्या हातात द्या, दोन हजार डॉलर देतो. तिकडे याला नावच आहे, कॅश फॉर कीज. बाहेर काढायला परत कोर्टात जाण्यापेक्षा त्यांना हे स्वस्त पडतं. आम्ही घेतले. लोक म्हणे रागाने भिंतीला भोकं पाडून, नळ उपटून जायचे. बायकोने ओव्हनसुद्धा घासला. मी शेवटच्या सकाळी लॉन कापलं. शेजारचा गोरा आजोबा कुंपणावरून म्हणाला, का कापतोयस? मला उत्तर आलं नाही.

आईला फोनवर सांगितलं, मुलांची शाळा जवळ पडते म्हणून घर बदललं. तिने वास्तुशांत कधी विचारलं.

हिंजवडी_ते_घर

विन्या तो मित्र तू तर नव्हेस ना? पैसे पाठवू का वाला?

एडिसनचा_विन्या

नाही रे बाबा. माझ्याकडे पाठवायला पैसे कुठे होते.

लिलावातला_फ्लॅट

लिहू की नको असं करत चार वेळा खोडलं. मी घेणारा आहे. कल्याण, २०१९. बाजारभावाने आम्हाला घर जमणारच नव्हतं. लिलावाच्या जाहिरातीत ‘जसे आहे जेथे आहे’ लिहिलेलं असतं त्याचा अर्थ नंतर कळला. सोसायटीची थकबाकी एक लाख चाळीस हजार, ती आमच्या गळ्यात. विजेचं मीटर काढून नेलेलं. पंचवीस टक्के लगेच भरा, बाकीचे पंधरा दिवसांत, नाहीतर आधीचे पण गेले. कर्ज मंजूर करून घेताना माझे केस गळले.

ताबा मिळाल्यावर माळा साफ करताना एक पत्र्याची पेटी निघाली. आत गौरीचे मुखवटे. पितळी, जुने, मलमलीत गुंडाळलेले. बायको खालीच बसली. सोसायटीच्या वॉचमनकडून आधीच्या मालकिणीचा नंबर मिळवला, फोन केला. त्या म्हणाल्या, “नेऊन ठेवू कुठे? दहा बाय दहाची खोली आहे. तुम्ही बसवा.” तेव्हापासून बसवतो. दर वर्षी त्या येतात, सवाष्ण म्हणून जेवतात. आल्यावर आधी स्वयंपाकघरात जाऊन खिडकीची कडी बघतात. ती पहिल्यापासून सैल आहे.

पुरणाचा_घाट

बाई गं. 🙏

चौकटराजा

लिलावात घेणं मला पटत नाही. दुसऱ्याच्या तळतळाटाचं घर.

निवृत्त_काका

चौकटराजा, हे मी हजारदा ऐकलंय. घेणारा आला नाही तर राखीव किंमत खाली येते, आणि मार बसतो तो मूळ मालकालाच. लिलावात थकबाकीपेक्षा जास्त रक्कम आली तर खर्च वजा जाता वरची मालकाची असते. ती मागायला माणसं येत नाहीत, लाजेने पत्ताच बदलतात. आणि कमी आली तर उरलेलं कर्ज मानेवर राहतं. घर गेलं की कर्ज सुटलं असं समजणारेही खूप.

चौकटराजा

हे माहीत नव्हतं. तरीही मी घेणार नाही.

पुरणाचा_घाट

नका घेऊ. @लिलावातला_फ्लॅट, तुमच्याकडे आधीपासून गौरी होत्या का? आमच्यात खड्याच्या. दुसऱ्यांच्या मुखवट्यांना नैवेद्य काय दाखवता, त्यांचा की तुमचा?

लिलावातला_फ्लॅट

त्यांचा. घावन-घाटलं. त्यांनीच शिकवलं. आमच्याकडे नव्हत्या.

पोळपाट

आले परत. माझं छोटंसं. काकांचं घर गेलं तेव्हा काकूने सगळ्यात आधी गॅसचं कार्ड बदललं, मग रेशनकार्ड, मग चुलतभावाच्या कॉलेजचा पत्ता. म्हणाली भांडी कुणीही देईल, पत्ता कुणी देत नाही. हे अनुभवात बसतं का माहीत नाही. आणि तिसरा_मजला, लोणच्याचं काय झालं ते सांगितलंच नाहीस!

तिसरा_मजला

बुरशी आली. भाड्याच्या खोलीला खिडकी नव्हती. आईने वरचा थर काढून टाकला, तेल गरम करून गार केलं, ओतलं आणि वर्षभर पुरवलं. बाबा रोज दोन फोडी जास्त घ्यायचे. बाबा गेले २०२१ ला. दोन्ही लेथ विकले होते, पण एक व्हर्निअर कॅलिपर पँटच्या खिशात ठेवायचे, शेवटपर्यंत.

ठाणेकर_भाडेकरू

तेल किती तास गार करायचं?

पोळपाट

😂 पूर्ण गार, रात्रभर.

नाव_नको

नवीन आयडी काढून लिहितेय. रात्रीचे पावणेबारा, सगळे झोपलेत. आमचीही नोटीस आलीय. साठ दिवसांतले एकेचाळीस गेले. मला काल कळलं, कपाटात साड्यांखाली होती. मी सहकर्जदार आहे. मुलगा दहावीला. वसुलीवाले रात्री नऊलाही फोन करतात, मुलगा उचलतो. धागा दोनदा वाचला. काय करू ते समजत नाही.

निवृत्त_काका

बाई, जागा आहे. एकोणीस दिवस पुष्कळ. उद्याच साधं पत्र लिहा, थकबाकी किती आणि कशी ते मागा, हप्ते बांधून किंवा एकरकमी तडजोड मिळेल का विचारा. शाखेत देऊन पोच घ्या. तोंडी काही ठरवू नका. सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर वसुलीचा फोन करायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे, त्या नऊच्या फोनचा स्क्रीनशॉट ठेवा आणि पत्रात लिहा.

जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं. महिलेला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. पुढे ताब्याची पायरी आलीच तर डीआरटीत (कर्जवसुली न्यायाधिकरणात) जायला त्या दिवसापासून ४५ दिवस असतात. पण विक्रीची जाहिरात निघेपर्यंत थांबू नका, २०१६ पासून ती निघाली की पैसे भरून घर सोडवायचा हक्क जातो.

तिसरा_मजला

व्यक्तिगत निरोप केलाय. कितीही वाजता फोन करा, मी जागीच असते. आणि मुलाला सांगा. मला पेपरातून कळलं होतं, त्याचा राग बाबांवर खूप वर्षं राहिला.

नाव_नको

वाचला. सकाळी डब्याच्या वेळी सांगते त्याला. एक विचारू, पंखे काढून ठेवू का?

निवृत्त_काका

पंखे राहू देत. आधी पत्र.