एम.ए. समाजशास्त्र: कलिना की घराजवळचं कॉलेज? (राहायला महिना 6000)

सावित्रीकाठ:
नमस्कार मंडळी. महाडची आहे. समाजशास्त्र घेऊन बी.ए. झालं. एम.ए. मुंबई विद्यापीठाचंच करायचंय, पण कलिन्याच्या विभागात करू की रायगडातल्याच एखाद्या संलग्न कॉलेजात? पदवीवर नाव तेच येणार ना? राहण्यासाठी महिना 6000 च्या वर घरी झेपणार नाही. मावशी पनवेलला असते. प्लीज सांगा.

लोकलवाला८८:
कलिना, दुसरा विचारच नको. मी अंधेरीला 12,000 भरून रूम शेअर केली होती, एक रुपया वाया गेला नाही. घरमालक देवमाणूस. जवळच राहा.

गिरगावकर_आजोबा:
बाळ, नाव तेच, पण फरक आहे. पूर्वी सगळा कारभार फोर्टात, राजाबाई टॉवरच्या सावलीत. 1971 पासून कलिन्याला विद्यानगरी उभी राहिली आणि बरेच विभाग तिकडे गेले. विधी विभाग फोर्टातच राहिला. शिवाय ठाणे, कल्याण, रत्नागिरीला उपकेंद्रं, आणि मुंबईपासून सिंधुदुर्गापर्यंत सात जिल्ह्यांत शेकडो संलग्न कॉलेजं. देशातलं पहिलं विद्यापीठ आहे आपलं.

हुगळीकाठचा_मराठी:
पहिलं नाही हो आजोबा. तिन्ही 1857 चीच, पण कलकत्ता 24 जानेवारीला, मुंबई 18 जुलैला, मद्रास सप्टेंबरात.

गिरगावकर_आजोबा:
तारखेचं मान्य. पण समाजशास्त्राचा विभाग मुंबईत 1919 ला निघाला, तो देशातला पहिला मानतात. पॅट्रिक गेडीस यांनी सुरू केला, मग घुर्ये आले. इरावतीबाई कर्वे घुर्यांच्याच विद्यार्थिनी. मुलीने हे बघून जावं.

वाचनखोली:
मी दोन वर्षं कलिन्यात होते. ताई, इतिहासासाठी जाऊ नकोस, ग्रंथालयासाठी जा. जवाहरलाल नेहरू ग्रंथालयात जुने प्रबंध काढून वाचत बसायचे. एकदा माझ्याच तालुक्यातल्या कुळांवरचा प्रबंध हाती लागला. टंकलेखन फिकट झालेलं, शेवटी हाताने काढलेला नकाशा, त्यात आमच्या वाडीची विहीरसुद्धा होती. पुढे माझ्या लघुप्रबंधाचा विषय त्यातूनच निघाला. विभागात पीएच.डी. करणारी मुलं शेजारीच असतात, त्यांना विचारता येतं. कॉलेजात एम.ए.चे दोनच शिक्षक असले तर हे मिळणं अवघड.

फॉर्म_चुकला:
माझं ऐक. मी दुसऱ्या एका विद्यापीठात "विभाग" समजून कॉलेजची जागा पक्की केली, कारण पसंतीक्रम भरताना केंद्राचं नाव वाचलंच नाही. वर्षभर हळहळले. जागा विभागातली आहे की संलग्न कॉलेजातली, हे फी भरण्याआधी बघ. वसतिगृहाचा अर्ज वेगळा असतो. प्रवेश झाल्यावर भरू म्हणून मी थांबले, तोवर मुदत गेली. जातीचा दाखला, नॉन-क्रीमी लेयर लागत असेल तर आत्ताच काढ.

लोकलवाला८८:
वसतिगृहावर अवलंबून राहू नकोस. अंधेरीचंच बघ, 12,000 मध्ये वायफायसकट.

बसनेच_जातो:
तिचं बजेट 6000 आहे, दादा. ताई, कुर्ला पश्चिमेहून 313 नंबरची बस धर. आता मेट्रो तीनचं वांद्रे कॉलनी स्टेशनही झालंय. फोर्टात काम निघालं तर तिथून थेट हुतात्मा चौक.

वाचनखोली:
राहण्याचं मात्र मीही लोकलवाला दादांसारखंच सांगेन, ग्रंथालयात संध्याकाळी बसता यायला हवं. जवळच राहा.

सावित्रीकाठ:
सगळ्यांचे आभार. काल बाबांबरोबर जाऊन आले. कलिनाच ठरलं, पण रूम घेणार नाही, मावशीकडे राहणार. पनवेल ते कुर्ला हार्बरने तासभर, पुढे 313. पास काढूनही पैसे उरतात, ते बाबांना परत देणार. वसतिगृहाचा अर्ज तरीही करून ठेवते. वाचनखोली ताई, चवदार तळ्यावर तिथे काही प्रबंध आहेत का, कुठल्या कपाटात बघू?

लोकलवाला८८:
पनवेल? रोज येऊन-जाऊन तीन तास! महिन्यात कंटाळशील, सांगून ठेवतो.

सावित्रीकाठ:
गाडी पनवेलहूनच सुटते, दादा. खिडकी मिळते. वाचत जाईन.