मदत हवी आहे: आठ भिडूंचा 'पिट' आणि घरात माणसं अकरा

मंडळी, पत्त्यांतल्या जाणकारांनी वाट दाखवा.

मावसभाऊ अमेरिकेहून येताना 'पिट' घेऊन आला. खेळ जुनाच, १९०४ साली पार्कर ब्रदर्सने काढलेला. शिकागोच्या धान्यबाजारातल्या आरडाओरड्यावर बेतलेला. जितके भिडू तितकी धान्यं, प्रत्येक धान्याची नऊ पानं. पिसून नऊ-नऊ वाटायची आणि सुरू. पाळी-बिळी काही नाही, सगळे एकदम ओरडतात: "दोन! दोन! दोन!" म्हणजे एकाच धान्याची दोन पानं द्यायची आहेत, कोणतं धान्य ते सांगायचं नाही. ज्याला दोनच द्यायची आहेत तो पालथी पानं बदलून घेतो. एका वेळी चारपर्यंत चालतात. नऊच्या नऊ एका धान्याची जमली की घंटा.

आमच्या डब्यात धान्यं आठच आणि गणपतीत घरी माणसं अकरा. तिघांना बसवून ठेवलं तर बच्चेकंपनी रडते. दोघांत एक हात करून पाहिला, तर काकू जमवत होती तो गहू काकांनी मक्यावर देऊन टाकला. त्यावर जेवणापर्यंत अबोला.

दुसरी अडचण आजी. खेळायची हौस दांडगी, पण बोटं आखडल्यामुळे नऊ पानं हातात राहत नाहीत आणि ऐकू कमी येतं. ती "तीन" म्हणेपर्यंत सौदे आटपलेले असतात. (डब्यातली घंटा हरवली म्हणून देवघरातली घेतली होती, त्यावरही तिने झापलं. सध्या ताट आणि चमचा.)

काय करता येईल?

चौकट_राणी: डबा ठेवून द्या, साध्या पत्त्यांचे तीन कॅट घ्या. तिन्ही कॅटांची पाठ एकसारखीच हवी, नाहीतर पालथं पानही ओळखू येतं. तीन कॅटांत प्रत्येक पानाची बारा होतात, त्यातली तीन-तीन काढून टाका. राहिले नऊ एक्के, नऊ राजे, नऊ गुलाम वगैरे. धान्याऐवजी तेच जमवायचे. अकरा जणांसाठी दुर्री-तिर्री बाजूला ठेवा, ९९ पानांत काम होतं. 'पिट'मधली बैल आणि अस्वल ही दोन खास पानं हवीत तर दोन वेगळे जोकर टाका. दोघांकडे एक-एक पान जास्त जाईल. अस्वल हातात राहिलं तर वीस गुण वजा. बैल नवव्या पानाच्या जागी चालतो, पण डाव दुसऱ्याने मारला आणि बैल तुमच्याकडे असेल तर तुमचेही वीस गेले.

रिकामटेकडा: पानांचा हिशेब बरोबर आहे, पण अकरा जण एकदम ओरडले तर शेजारी येतील. आमच्याकडे सहा आणि पाच असे दोन गट करतो, दोन्हीकडचे जिंकलेले पुढच्या डावाला जागा बदलतात. मला तरी हेच बरं वाटतं.

मिरजकर: आजींसाठी कपडे घासायचा ब्रश उलटा ठेवा आणि त्याच्या केसांत पानं खोचा, मस्त उभी राहतात. बाकीच्यांना दिसू नयेत म्हणून पुढे एक पुस्तक. आणि ओरडायचंच नाही, 'मुका डाव' खेळा: जितकी पानं तितकी बोटं वर. शिकागोतही त्या गोंगाटात सौद्याच्या खुणा हातांनीच करायचे, तेव्हा हे नियमाबाहेरचं नाही. घरातले आवाजवाले मात्र हरायला लागतात, तयारी ठेवा.

धागाकर्ती: सगळ्यांचे आभार! तीन कॅट आणायचे आहेत. पण काल सहाच जण होतो म्हणून मुका डाव खेळून पाहिला. काका बोटं दाखवायचं विसरून नुसते ओठ हलवत होते. आजीने दुसऱ्याच डावात ओट्सची नऊ पानं जमवली, ब्रशसकट पानं पुढे सरकवली आणि सवयीने म्हणाली, "रमी!" ताट वाजवलंच नाही. काकांचं म्हणणं, डाव धरायचा नाही. नियमात याचं काही आहे का?