मदत हवी आहे: मालवणला पहिल्यांदाच स्कूबा डायव्हिंग

नमस्कार. डिसेंबरच्या सुट्टीत पत्नी आणि 11 वर्षांच्या मुलीसह मालवणला जात असून, प्रशिक्षकासोबत स्कूबा डायव्हिंग करण्याची आम्हा तिघांचीही मनापासून इच्छा आहे.

सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात होडीतून नेऊन थोडा वेळ पाण्याखाली उतरवणारे व्यावसायिक बरेच आहेत. तारकर्लीला पर्यटन विकास महामंडळाचे प्रशिक्षण केंद्रही आहे. साधारण 10 मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो, त्यामुळे नाक दाबून कानांतला दाब सारखा करणे आणि मास्कमध्ये शिरलेले पाणी बाहेर काढणे, या दोन गोष्टी समुद्रात उतरण्यापूर्वी उथळ पाण्यात नीट शिकवल्या जाव्यात असे मला वाटते. दर थोडा अधिक असला तरी चालेल, पण घाई नको. असा सराव खरोखर कुठे करून घेतात? एका प्रशिक्षकाकडे एकच नवशिका असतो का?

पत्नीला लहानपणी दमा होता. छातीच्या डॉक्टरांना आम्ही दाखवणारच आहोत, कारण श्वासनलिका आकुंचन पावून फुप्फुसात हवा अडकली तर वर येताना ती प्रसरण पावते आणि गंभीर इजा होऊ शकते. तरीही तेथील केंद्रे वैद्यकीय प्रमाणपत्र पाहतात की केवळ संमतिपत्रावर सही घेतात, हे ज्यांनी अनुभवले आहे त्यांनी कृपया सांगावे.

परतीचे विमान गोव्यातील मोपा विमानतळावरून आहे. एका डाइव्हनंतर किमान 12 तास विमानप्रवास टाळावा, असे सांगितले जाते, म्हणून डाइव्ह पहिल्याच दिवशी ठेवावी, की पाणी गढूळ असल्यास पर्याय राहावा यासाठी दुसरा दिवसही मोकळा ठेवावा?