मदत हवी आहे: गालापागोसची बोट आईला झेपेल का?

नोव्हेंबरात आईला (वय 66, डावा गुडघा कुरकुरतो) घेऊन गालापागोसला (इक्वाडोरची पॅसिफिकमधली बेटं) चाललोय. 16 जणांची बोट, 8 दिवस. रोज सकाळी लवकर नाश्ता उरकून पांगा म्हणतात त्या छोट्या होडीतून बेटावर, मग स्नॉर्केलिंग (तोंडात नळी धरून पाण्यावर तरंगत खालचं बघणं), दुपारी पुन्हा फेरी. प्राण्यांपासून 2 मीटर लांब राहायचं, पायवाट सोडायची नाही, हे ठीक. धास्ती आहे ती ‘वेट लँडिंग’ची: होडीच्या काठावरून पाय टाकून गुडघाभर पाण्यात उतरायचं. आईला तर नाकातून मिठाच्या पिचकाऱ्या सोडणारे इग्वाना (समुद्रात पोहणारे मोठे सरडे) जवळून बघायचेच आहेत!

ज्येष्ठांना घेऊन कोणी गेलंय का? लाव्हाच्या खडकांवर सँडल चालतात की बूटच हवेत? आणि रात्री बोट बेट बदलते तेव्हा मळमळीवर काय घ्यावं? आई म्हणते, आवळासुपारी पुरे.