शब्दचर्चा : ‘मेमरी लीक’ला ‘गळती’ म्हणावं का? कर्नलमधल्या मेमरीच्या दोषांची मराठी नावं

फर्मागुडीहून, विद्यार्थी

नमस्कार. लिनक्स कर्नलमध्ये (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात) मेमरीचे दोष कसे शोधायचे, यावर आमच्या कॉलेजातल्या धाकट्या मुलांसाठी मराठीत एक टिपण तयार करतोय. गोव्यातल्या सत्तरी, डिचोली, पेडण्याकडची बरीच मुलं चौथीपर्यंत मराठी शाळेत शिकली आहेत. एकमेकांना काही समजावून सांगायची वेळ आली की ती आपसूक मराठी-कोंकणीवर येतात. कर्नल, पॉइंटर, ड्रायव्हर, मेमरी हे शब्द तसेच ठेवलेत, त्यांची कुणाला अडचण नाही. अडलंय ते दोषांच्या नावांपाशी. ‘मेमरी लीक’साठी ‘स्मृतिगळती’ वाचलं, तर वर्गातल्या एकीला तो म्हातारपणचा आजार वाटला. ‘यूज आफ्टर फ्री’, ‘रेडझोन’, ‘फ्रॅगमेंटेशन’ यांना काय म्हणावं? जाणकारांनी सुचवावं.

वेर्ण्याहून, ड्रायव्हर लिहिणारा

माझं रोजचं काम हेच, म्हणून सविस्तर लिहितो.

‘स्मृती’ सोडा, पण ‘गळती’सुद्धा नको असं माझं ठाम मत आहे. गळतं ते बाहेर जातं. इथे बाहेर काहीच जात नाही. केमॅलॉकने (कर्नलमध्ये मेमरी मागायच्या फंक्शनने) घेतलेली जागा होती तिथेच असते, कर्नलच्या हिशेबात ती ‘दिलेली’ म्हणून नोंदलेलीही असते. फक्त तिचा पत्ता आता कुणाकडेच नसतो, त्यामुळे ती परत कोण करणार? साध्या प्रोग्रॅममध्ये हे एक वेळ खपून जातं, कारण प्रोसेस (चालू असलेला प्रोग्रॅम) संपली की तिची सगळी मेमरी कर्नल काढून घेतो. कर्नलच्या स्वतःच्या मेमरीला असा वरचा कुणी नाही. ती मशीन रीबूट होईपर्यंत अडकून राहते.

अशा जागेला मी ‘बेवारस’ म्हणतो. केमेमलीक हे हत्यार २००९ मध्ये २.६.३१ या आवृत्तीत आलं, ते नेमकं बेवारसच शोधतं. कर्नलने दिलेल्या प्रत्येक तुकड्याची ते नोंद ठेवतं आणि ठरावीक काळाने (मुळात दर १० मिनिटांनी) मेमरी चाळून बघतं, की या तुकड्याचा पत्ता कुठे तरी लिहिलेला सापडतो का. कुठेच सापडला नाही की अहवालात टाकतं : अमुक पत्त्यावर, अमुक आकाराची वस्तू, हिच्याकडे बोट दाखवणारं कुणी नाही. खाली ती जागा घेताना कुठल्या फंक्शनने कुठल्याला बोलावलं त्याची साखळी.

मुलांना इथे एक गोष्ट आवर्जून सांगा. ती साखळी जागा कुणी घेतली ते सांगते, परत करायला कोण विसरलं ते नाही. चूक बहुतेक वेळा भलतीकडे असते. ड्रायव्हरने सुरुवातीला बफर घेतला, पुढची पायरी फसली, इंटरप्ट (हार्डवेअरची हाक यायची वाट) मिळाला नाही, फंक्शन एरर घेऊन मागे फिरलं आणि त्या वाटेवर केफ्री, म्हणजे जागा परत करणारं फंक्शन, लिहायचं राहिलं. म्हणून घेतल्याच्या ओळीपासून बाहेर पडायच्या प्रत्येक वाटेने चालत जायचं आणि प्रत्येक वाटेवर ‘परत केली का?’ विचारायचं.

साखळी शहराहून, मराठीच्या शिक्षिका

संगणकातलं मला फार कळत नाही, पण शब्दाबद्दल बोलते. ‘बेवारस’ रूढ आहे, लिंग-वचनाप्रमाणे बदलत नाही आणि अर्थही नेमका लागतो : वस्तू समोर आहे, धनी नाही. बेवारस गाडी, बेवारस सामान आपण रोज म्हणतो. ‘अनाथ’ कुणी सुचवेल, त्याचं काय?

वेर्ण्याहून

बाई, ‘अनाथ’ अडकलेला आहे. आई-प्रोसेस आधी संपली आणि मागे राहिली त्या प्रोसेसला तो शब्द लागतो, आणि ती निराळी गोष्ट. शिवाय तिला लगेच दुसरा पालक मिळतो. बेवारस मेमरीला मिळत नाही.

मडगावहून, नेटवर्कचं काम बघणारा

माझा आक्षेप आहे. आमच्याकडे एका उपकरणावर मेमरी हळूहळू खाली जात होती. केमेमलीक चालू करून रात्रभर ठेवलं, अहवाल कोरा. मग ही बेवारस नाही तर काय? इंग्रजीत तर यालाही लीकच म्हणतात.

वेर्ण्याहून

दादा, फार बरं झालं हे काढलंत. इंग्रजीत एकाच नावाखाली दोन दोष राहतात आणि नवशिक्याचे दिवस तिथेच वाया जातात.

तुमच्याकडे बहुधा असं असणार : पाठवलेलं प्रत्येक पाकीट (नेटवर्कचं पॅकेट) एका यादीत टाकायचं आणि पोच आली की काढायचं. काही पाकिटांची पोच येतच नाही. यादी वाढत राहते. पण यादीतल्या प्रत्येक तुकड्याचा पत्ता आधीच्या तुकड्यात लिहिलेला आहे, म्हणजे वारस आहे! केमेमलीकच्या दृष्टीने सगळं रीतसर आहे, ते गप्पच राहणार. या दोषाला मी ‘तुंबणं’ म्हणतो. मेमरी तुंबली.

तुंबलेली मेमरी शोधायची तऱ्हा वेगळी. स्लॅबटॉप (कर्नलच्या मेमरीचे कप्पे दाखवणारी कमांड) लावा आणि कुठल्या आकाराच्या कप्प्यातल्या वस्तू वाढतच जातात, कधी खाली येत नाहीत, ते बघा. समजा केमॅलॉक-५१२ वाढतोय. मग बूट करताना त्या एकाच कप्प्यासाठी स्लबची (हे कप्पे वाटणाऱ्या कर्नलच्या भागाची) ‘यू’ नोंद चालू करा, म्हणजे प्रत्येक तुकडा कुणी घेतला ते लिहिलं जातं. डीबगएफएसमध्ये (कर्नल आतली माहिती फाइलींच्या रूपात दाखवतो तिथे) त्या कप्प्याच्या नावाखाली ‘ऍलॉक ट्रेसेस’ची फाइल येते, तीत कुठल्या फंक्शनने घेतलेले किती तुकडे अजून बाकी आहेत त्याचे आकडे असतात. थोड्या थोड्या वेळाने ती दोनदा वाचली की वाढणारी ओळ डोळ्यांत भरते.

एक पुस्ती. ऍलॉक पेजेसने थेट घेतलेली पानं (मेमरीचे ४ केबीचे तुकडे) केमेमलीक बघतच नाही. तेव्हा कोरा अहवाल म्हणजे निर्दोष, असं कधीच समजू नये.

फर्मागुडीहून

‘बेवारस’ आणि ‘तुंबलेली’ दोन्ही घेतले. आता ‘यूज आफ्टर फ्री’?

वेर्ण्याहून

‘फ्री’ला ‘मोकळी करणं’ न म्हणता ‘परत करणं’ म्हणा. मोकळी केली म्हटलं की पुढे तिचं काय झालं ते कळत नाही. परत केली म्हटलं की कुणाकडे तरी गेली हे कळतं, आणि तो ती पुढे दुसऱ्याला देणार हेही कळतं. दोष तिथेच आहे. तुम्ही परत केलेली जागा क्षणात तिसऱ्या ड्रायव्हरकडे गेली आणि तुम्ही जुन्या पत्त्यावर लिहीतच राहिलात. कोसळतो तो तिसरा, ज्याचा काही दोष नाही. म्हणून ‘परत केल्यावर वापर’. शब्द लांब आहे, असू दे. आणि ‘डबल फ्री’ म्हणजे ‘दुबार परत’.

ही चूक पकडायला, तपासणी चालू केलेली असेल तर, स्लब परत आलेल्या जागेत ६बी हा बाइट (हेक्स, म्हणजे सोळा-अंकी पद्धतीतला आकडा) भरून ठेवतो आणि शेवटच्या बाइटात ए५. ‘पॉयझन’ म्हणतात ते हेच. मराठीत विष म्हणायची गरज नाही, ‘खूण भरली’ पुरे. कर्नल लॉगमध्ये मेमरी छापून येते तेव्हा हेक्सच्या उजव्या बाजूला अक्षरं दिसतात. ६बी म्हणजे रोमन लिपीतला छोटा ‘के’, त्यामुळे तिथे ‘के’ ‘के’ ‘के’ अशी ओळच्या ओळ उमटते. मध्येच चार-आठ बाइट वेगळे दिसले, तर परत केल्यावर कुणी तरी तिथे लिहिलंय. आणि कोसळलेल्या कर्नलच्या रजिस्टरमध्ये (प्रोसेसरच्या आतल्या जागांत) सगळीकडे ६बी दिसला, तर कुणी तरी परत केलेल्या जागेतून पॉइंटर, म्हणजे साठवलेला पत्ता, वाचून त्याच्यामागे गेलंय. हा बाइट मुलांना पाठच करायला लावा.

मात्र खूण बिघडल्याचं स्लबला कळतं ते ती जागा पुन्हा कुणाला देताना. तोवर लिहिणारा केव्हाच निघून गेलेला असतो. तो जागच्या जागी धरायचा तर केसॅन हा तपासनीस हवा. २०१५ च्या ४.० आवृत्तीपासून तो कर्नलमध्ये आहे. दर ८ बाइटांमागे एक सावली-बाइट (त्यांना हात लावायला चालेल का याची नोंद) ठेवतो आणि कंपायलरकडून प्रत्येक वाचन-लेखनाआधी तपासणी घालून घेतो. त्याच्या अहवालात तीन साखळ्या येतात : आत्ता हात कुणी घातला, जागा घेतली कुणी, परत कुणी केली. या दोषासाठी याहून चांगलं काही मी वापरलेलं नाही. मशीन मंदावतं आणि मेमरीही जास्त लागते, म्हणून तो चाचणीच्या मशीनवर ठेवायचा. ग्राहकाकडे चालू असलेल्या मशीनसाठी केफेन्स आहे. तो अधूनमधून एखादाच तुकडा तपासतो, पण भार जवळपास नसतो.

पेडण्याहून

मी कॉम्प्युटरवाला नाही, घरची भातशेती बघतो. मुलगा फर्मागुडीला आहे, त्याने ही चर्चा दाखवली. ‘रेडझोन’ म्हणजे दोन तुकड्यांमधली राखीव पट्टी, असं त्याने सांगितलं. मग आमच्याकडे तिला शब्द आहेच, ‘मेर’. दोन कुणग्यांच्या (भाताच्या वाफ्यांच्या) मधली मातीची कड. शेजारचा हद्द सरकवायला लागला की आधी मेर कापलेली दिसते.

वेर्ण्याहून

काका, मी इतकी वर्षं या पट्टीला नीट नाव शोधत होतो. ‘लाल पट्टा’ कुणालाच कळत नव्हता. हीच मेर.

मुलांसाठी उदाहरण देतो. ६४ बाइटांचा कप्पा घेतला आणि त्यात ६४ अक्षरांचं नाव उतरवलं. नावाच्या शेवटी शून्य बाइट लागतोच, तो पडला ६५व्या जागी. तपासणी चालू नसेल तर तो शेजारच्या तुकड्याच्या पहिल्या बाइटावर बसतो, आणि शेजारी तासाभराने मरतो. तपासणी चालू असेल तर तिथे मेर असते. जागा वापरात असताना मेरेत सीसी भरलेला असतो, परत आल्यावर बीबी. मग लॉगमध्ये स्वच्छ लिहून येतं की केमॅलॉक-६४ ची उजवी मेर बिघडली, पहिला बाइट सीसीऐवजी शून्य. एकटाच शून्य दिसला की अक्षरमाळेचं शेपूट मोजायचं राहिलंय, असा पहिला संशय धरावा. मीही दरवेळी तिथूनच सुरुवात करतो.

५० बाइट मागितले तरी कप्पा ६४ चाच मिळतो. मधल्या १४ बाइटांत कुणी शिरलं तर जुन्या कर्नलमधल्या स्लबच्या मेरेला पत्ता लागत नसे, कारण मेर ६४ नंतर. केसॅन मागितलेल्या आकाराने हद्द धरतो, त्याला कळतं.

साखळीहून, शिक्षिका

‘फ्रॅगमेंटेशन’ला ‘विखंडन’ देऊ नका. तो अणूच्या फुटण्याला दिलेला आहे, मुलं दहावीच्या आसपास शिकतात.

वेर्ण्याहून

नाही देत. इथे काही फुटतही नाही. मेमरी मोकळी आहे, फक्त सलग नाही. ‘सलग जागेची टंचाई’ म्हणा. बडीइन्फो ही कर्नलची फाइल उघडली की एका ओळीत आकडे दिसतात : ४ केबीचे मोकळे तुकडे किती, ८ केबीचे किती, असं दुपटीने ४ एमबीपर्यंत. डावीकडे हजारो आणि उजवीकडे शून्यं दिसली की टंचाई आहे. लॉगमध्ये ‘ऑर्डर ४’ची मागणी फसली असं येतं, म्हणजे १६ पानं, ६४ केबी सलग मिळाली नाहीत. ती प्रत्यक्ष सलग हवीच आहेत का, हे आधी बघा. नुसते पत्ते सलग चालणार असतील तर व्हीमॅलॉकने (विखुरलेली पानं सलग पत्त्यांवर मांडणाऱ्या फंक्शनने) भागतं. हार्डवेअरला प्रत्यक्ष सलग हवी असेल तर बूट होतानाच घेऊन ठेवलेली बरी.

फर्मागुडीहून

शेवटचा प्रश्न. मेमरी संपल्यावर कर्नल प्रोसेस मारत सुटतो, तेव्हा जी मेली तिच्यातच दोष होता असं टिपणात लिहू का?

वेर्ण्याहून

लिहू नका. मारताना कर्नल बघतो ती प्रोसेसची स्वतःची मेमरी. कर्नलमधली बेवारस किंवा तुंबलेली जागा कुठल्याच प्रोसेसच्या नावावर नसते, त्यामुळे एकामागून एक निर्दोष प्रोसेस जातात आणि तरी मेमरी सुटत नाही. त्या अहवालात ‘स्लॅब अनरिक्लेमेबल’चा (कप्प्यांतल्या, कर्नलला काढून घेता न येणाऱ्या मेमरीचा) आकडा असतो, तो आधी वाचा. आकडा पानांत आहे, म्हणून ४ ने गुणलं की केबी मिळतात. तो मोठा असेल तर मेलेल्यांची नावं बाजूला ठेवून स्लॅबटॉप उघडा. तो लहान असूनही मेमरी कुठे गेली ते लागत नसेल, तर थेट पानं घेणारा ड्रायव्हर शोधा.