हरिपाठाच्या पहिल्याच ओळीवर अडकतो आहे

टाळकरी_बार्शी

रामकृष्णहरी.

मी बार्शी तालुक्यातला. वय ४६, खत-बियाण्याचं दुकान आहे. हरिपाठ आमच्या घरात तीन पिढ्यांचा. वडील दिंडीचे विणेकरी होते. माझ्या गळ्यात माळ पडली तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. संध्याकाळी मारुतीच्या देवळात दिवा लागला की हरिपाठ, यात खंड कधी पडला नाही. सगळा मुखोद्गत आहे आणि आता वाटतं, तीच अडचण झाली. तोंड अभंग म्हणतं, डोक्यात उधारीचा हिशोब चालतो.

हे तरी निभावून नेत होतो. खरी गोष्ट वेगळी आहे, ती मी घरीही बोललेलो नाही.

तीन वर्षं दिंडीची व्यवस्था माझ्याकडे आहे. ११० माणसं, दोन ट्रक, पाण्याचा टँकर, भिशी म्हणजे जेवणाखर्चाची वर्गणी गोळा करायची, राहुट्या ठोकून घ्यायच्या, स्वयंपाकाचं बघायचं. गेल्या आषाढीला नातेपुत्याच्या मुक्कामी रात्री पाऊस लागला. मी यादी घेऊन बायकांच्या राहुटीच्या तोंडाशी उभा होतो. एक म्हातारी आली. लुगडं भिजलेलं, डोक्यावर बोचकं. तिची दिंडी चुकली होती. म्हणाली, "कोपऱ्यात टेकते, माउली." मी दिंडीचा नंबर विचारला. तिला सांगता येईना. मी म्हणालो, "असं कुणालाही घेता येत नाही. भिशी भरलेली माणसं आहेत ही. पुढं जाऊन चौकशी करा." आवाज चढला होता माझा. तिनं बोचकं खाली ठेवलं, वाकून माझ्या पायाला हात लावला, "बरं माउली" म्हणाली आणि अंधारात गेली.

वारीत पाया पडणाऱ्याच्या आपणही पाया पडतो. हे लहान पोरालाही सांगावं लागत नाही. मी वाकलो नाही. हातात यादी होती.

घरी आल्यापासून 'देवाचिये द्वारीं उभा क्षणभरी' तोंडात आलं की राहुटीचं दार दिसतं आणि दारात ती. पुढचं म्हणवत नाही. टाळ वाजवत नुसते ओठ हलवतो. लोकांना कळत नाही, विठ्ठलाला कळत असेल. २७ अभंगांचा पाठ आणि मी पहिल्या चरणावर. पुन्हा मनापासून म्हणता यावं म्हणून काय करू? जो यातून गेला असेल त्यानं सांगावं.

वाटसरू_सांगली

माउली, स्वतःला इतका बोल लावू नका. मी दोन वर्षं दिंडीचं पाणी बघितलंय. रात्री एकाला आत घेतलं की मागून दहा येतात, सामान चोरीला जायचीही भीती. तुमच्यावर एवढ्या माणसांची जबाबदारी होती. पहाटे दहा मिनिटं डोळे मिटून नुसतं श्वासाकडे बघत बसा. मला गुण आला.

टाळकरी_बार्शी

जागा होती हो. आमच्यातल्या दोघी फलटणवरून घरी परतल्या होत्या. त्यांच्या वळकट्यांची जागा रिकामीच होती. मला माहीत होतं.

हिंगोलीची_आजी

बाळा, मी ६८ वर्षांची, नातीकडून हे लिहून घेतेय. चौदा वाऱ्या झाल्या माझ्या. मलाही एकदा असंच परत लावलं होतं, वेळापूरला. ट्रकखाली झोपले. परत लावणाऱ्याचं तोंड आज आठवत नाही. ड्रायव्हरनं ताडपत्री सोडून दिली अंगावर घ्यायला, तो आठवतो. तुझी म्हातारी तुला शाप देत बसलेली नसेल, एवढं आधी मनातून काढ. पण म्हणून तुझं सुटलं असं मी म्हणणार नाही. जागा रिकामी होती हे तू लिहिलंस ते बरं केलंस.

तू बार्शीचा, म्हणजे गोरोबाकाकांचं तेर तुला जवळ. गोष्ट तुला पाठ असेल, पण एकदा सावकाश आठव. संत जमलेले. मुक्ताईनं थापटणं बघून गोरोबांना विचारलं, हे कशाला? ते म्हणाले, मडकं कच्चं की पक्कं ते यानं कळतं. मग एकेकाच्या डोक्यावर थापटत गेले. सगळे गप्प बसले, नामदेव तेवढे चिडले. ज्यांच्या हातचा नैवेद्य पांडुरंग खायचा, तेच कच्चे निघाले! मग आमच्या औंढ्याला विसोबा खेचरांकडे त्यांना यावं लागलं. विसोबा पिंडीवर पाय ठेवून झोपलेले. नामदेवांनी पाय उचलून बाजूला ठेवले तर तिथंही पिंड. देव सगळीकडं आहे, असं कीर्तनात सांगतात. मला मात्र दरवेळी दिसतं ते हे, की एवढ्या मोठ्या भक्ताला त्या म्हाताऱ्याचे पाय हातात घ्यावे लागले. शेवटी नामदेवांनी मागितली ती पायरी, येणाऱ्याजाणाऱ्याचा पाय लागेल अशी. आणि तिच्यासमोर चोखोबा, ज्यांना जिवंतपणी त्या दाराच्या आत येऊ दिलं नाही.

पंढरीला गेलास की लगेच रांगेत शिरू नकोस. महाद्वारात त्या दोघांजवळ थोडा उभा राहा. काही म्हणू नकोस.

रथामागचा_पखवाजी

आजींच्या पुढं मी काय बोलणार. पण तुम्ही तळावरची समाजआरती डोळ्यांपुढं आणा. सगळ्या दिंड्या पालखीभोवती, हजारो टाळ एकदम चाललेले. चोपदार चोप उंच करतात आणि एका क्षणात सगळं गप्प. एवढा समुदाय, पण पताकांची फडफड ऐकू येते. फक्त ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती टाळ वाजवतच राहते. तिला कुणी दटावत नाही. चोपदार तिच्याकडं जातात, ऐकून घेतात. हरवल्या-सापडल्याचं पुकारतात. मग आरती.

तुमचा टाळ वाजतोय, माउली, आणि तुम्ही त्याच्यावर हरिपाठ म्हणून तो दाबायला बघताय. आधी त्याचं ऐका. देवळात सगळे गेल्यावर एकटे बसा आणि झालं ते तोंडानं सांगा. माझ्या भावाशी माझं जे झालं होतं ते मी दोन वर्षं मनातल्या मनात देवाला सांगत होतो, काही हललं नाही. एकदा आवाज काढून सांगितलं तेव्हा मलाच पहिल्यांदा नीट ऐकू आलं.

टाळकरी_बार्शी

आजी, माउली, दंडवत.

काल हरिपाठानंतर थांबलो. गुरवानं गाभाऱ्याला कुलूप लावलं, दिवा तेवढा ठेवला. खांबाला टेकून बसलो आणि सगळं बोललो. पाऊस, यादी, रिकामी जागा, तिनं वाकणं. पाच मिनिटंसुद्धा लागली नसतील. मग बराच वेळ काहीच बोललो नाही. बाहेर वडाच्या पारावर पोरं मोबाईल बघत होती, ती उठून गेली तरी मी बसलेलो. निघताना पहिला अभंग म्हटला. टाळाशिवाय, हळू. पुरा झाला. पुढचा म्हटला नाही.

घरी बायकोला सांगितलं. मी म्हणालो, यंदा व्यवस्था दुसऱ्या कुणाला देतो. ती पीठ मळत होती. म्हणाली, "सोडू नका. ट्रकमध्ये दोन वळकट्या जास्तीच्या टाका."